फुटेजचीही रोजकीर्द हवी

एटीएम फुटल्याच्या किंवा बँकेत चोरी झाल्याच्या बातमीत दोन वाक्यं आता ठरूनच गेली आहेत: चोरट्यांनी कॅमेऱ्यावर काळा स्प्रे मारला, आणि जाताना चित्रण साठवणारी पेटी, म्हणजे डीव्हीआरही उचलून नेला. त्यावरची प्रतिक्रियाही तितकीच ठरलेली असते. कॅमेरे जुने होते, कमी होते. आता नवे बसवू, जास्त स्पष्ट दिसणारे बसवू, जमलं तर ‘एआय’वाले बसवू. संचालक मंडळापुढे विषय येतो तो ‘सीसीटीव्ही यंत्रणेचे आधुनिकीकरण’ या भारदस्त नावाने. निविदा निघते मेगापिक्सेलची आणि नगांची, आणि शेवटचा कॅमेरा भिंतीला लागला की काम फत्ते झालं असं धरलं जातं. ही समजूत मला उथळ वाटते. शाखेतलं चित्रण हा बँकेचा दस्तऐवज आहे. रोजकीर्दीला बँक पिढ्यानपिढ्या जी शिस्त लावत आली (रोजच्या रोज मिळवणी, किल्ली दोघांकडे, लिहिणारा एक आणि तपासणारा दुसरा), ती फुटेजला लागत नाही तोवर कॅमेरा कितीही नवा असो, यंत्रणा जुनीच राहते.

छत्रपती संभाजीनगरात हे मांडण्याला तसं निमित्तही आहे. १ मे २०२५ रोजी महाराष्ट्र ग्रामीण बँक आणि विदर्भ कोकण ग्रामीण बँक एकत्र आल्या. नव्या बँकेने पहिलीचंच नाव कायम ठेवलं, प्रायोजक बँक ऑफ महाराष्ट्र, आणि मुख्यालय याच शहरात. कोकणपट्टीपासून गडचिरोलीपर्यंत पसरलेल्या सातशेच्या आसपास शाखांचा कारभार आता इथून चालतो. दोन बँका एकत्र येतात तेव्हा खाती एका सॉफ्टवेअरमध्ये आणण्याचं वेळापत्रक ठरतं, त्यासाठी रात्री जागवल्या जातात. भिंतींवरच्या दोन घराण्यांच्या यंत्रणा एका शिस्तीत आणण्याचं काम मात्र देखभालीच्या किरकोळ खर्चात ढकललं जाण्याची शक्यता जास्त. या बँकेलाच नाही, राज्यातल्या कोणत्याही मोठ्या जाळ्याच्या बँकेला पुढची काही वर्षं हा प्रश्न टाळता येणार नाही.

पैसा जातो कोणत्या वाटेने

आधी पाहायला हवं की बँकेतला पैसा जातो कसा. या शहरातल्या ठेवीदारांना ते कोणी शिकवायची गरज नाही. जुलै २०२३ मध्ये आदर्श नागरी सहकारी पतसंस्थेतला सुमारे २०० कोटींचा घोटाळा उघड झाला आणि निवृत्तीची पुंजी अडकलेली माणसं रस्त्यावर उतरली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अजिंठा अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. एप्रिल २०२५ मध्ये तिचा परवानाच रद्द झाला. या दोन्ही ठिकाणी कोणी रात्री तिजोरी फोडली नव्हती. अशी लूट दिवसाढवळ्या, कर्जाच्या फायलींमधून, सह्याशिक्क्यांसह होते. मुंबईच्या पीएमसी बँकेत २०१९ साली एका बांधकाम समूहाचं कर्ज झाकायला २१ हजारांहून अधिक बनावट खाती उभी केली होती. ती कोणत्याच कॅमेऱ्याला दिसणारी नव्हती. एवढं कबूल करून टाकलं म्हणजे कॅमेऱ्याकडून अवास्तव अपेक्षा राहत नाहीत.

पण रोकड तर कॅमेऱ्याच्या अखत्यारीत येते ना? तिथेही चित्र फार वेगळं नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेच्या प्रभादेवी आणि गोरेगाव इथल्या तिजोऱ्यांमधली रोकड रिझर्व्ह बँकेच्या तपासणी पथकाने मोजली, तेव्हा १२२ कोटी रुपये कमी भरले. पुढे पोलीस तपासात आलं की प्रभादेवीच्या तिजोरीची क्षमताच जेमतेम १० कोटींची होती. म्हणजे जिथे मावणारच नाही तिथे दहापटीहून जास्त रोकड कागदावर उभी होती. ती पकडली कोणी? नोटा हाताने मोजणाऱ्या माणसांनी. तिजोरीच्या दारावर कॅमेरा असणं आणि त्या कॅमेऱ्याने टिपलेली ये-जा पुस्तकातल्या आकड्याशी कोणीतरी ताडून पाहणं, या दोन कामांमधलं अंतर १२२ कोटींचं असू शकतं.

नवी मुंबईत जुईनगरला नोव्हेंबर २०१७ मध्ये बँक ऑफ बडोदाच्या शाखेतले लॉकर फोडले गेले, ते शेजारचा गाळा काही महिने आधी भाड्याने घेऊन, तिथून भुयार खणून. शनिवार-रविवारची सुट्टी साधली आणि सोमवारी शाखा उघडल्यावर बोभाटा झाला. दारावर रोखलेला कॅमेरा कितीही मेगापिक्सेलचा असता तरी जमिनीखालून येणारा माणूस त्याला दिसला नसता. तिथे उपयोगी पडलं असतं ते फरशीतली कंपनं टिपणारं स्वस्तातलं उपकरण आणि रविवारी रात्री त्याचा इशारा ऐकणारं कोणीतरी.

हिरवा दिवा लागलेली पेटी

आता यंत्रणा जवळून पाहू. शाखेतला डीव्हीआर बहुधा व्यवस्थापकाच्या केबिनमध्ये, फायलींच्या कपाटावर किंवा यूपीएसच्या खोलीत, धूळ खात असतो. हिरवा दिवा लुकलुकतो, मॉनिटरवर सोळा चौकोन दिसतात, आणि सगळे समजतात की यंत्रणा चालू आहे. पण समोर दिसणारं थेट चित्र आणि डिस्कवर साठणारं चित्रण ही दोन वेगळी कामं आहेत. हार्ड डिस्क महिन्यापूर्वी बंद पडली असली तरी मॉनिटरवर चित्र छानच दिसतं. ते कळतं पोलीस दारात येऊन ‘अमुक तारखेचं फुटेज द्या’ म्हणतात तेव्हा. डिस्क भरली की यंत्र सगळ्यात जुन्या चित्रणावर नवं लिहितं. म्हणून बारा कॅमेऱ्यांच्या जागी सोळा केले आणि डिस्क तीच ठेवली, तर साठवणुकीचे दिवस गुपचूप घटतात. कोणीही परिपत्रक न काढता.

घड्याळाचं दुखणं त्याहून बारीक आणि त्याहून महाग आहे. डीव्हीआरचं घड्याळ आतल्या छोट्या बॅटरीवर चालतं आणि महिन्याला काही सेकंद, कधी मिनिटं, सरकतं. कोअर बँकिंगमध्ये पैसे काढल्याची वेळ ११.४२ असेल आणि चित्रणावर ११.३५ दिसत असेल, तर काउंटरवर उभा असलेला माणूस कोण, याचं उत्तर वकील पाच मिनिटांत उडवून लावतो. एका मध्यवर्ती घड्याळाशी सगळी यंत्रं जुळवणं हे जवळपास फुकटचं काम आहे. निविदेत ते क्वचितच सापडतं, कारण उद्घाटनाच्या दिवशी ते कोणाला दाखवता येत नाही.

स्पष्टतेचा हिशेब तरी नीट होतो का? चेहरा ओळखायचा तर एका मीटर रुंदीत साधारण २५० बिंदू लागतात, असं युरोपीय मानक सांगतं. १९२० बिंदू रुंदीचा दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा आठ मीटरच्या दृश्यावर लावला तर मीटरला २४० येतात, जेमतेम पुरेसे. तोच कॅमेरा पंधरा मीटरचा अख्खा हॉल दिसावा म्हणून कोपऱ्यात छताला टांगला, की मीटरला १२८ उरतात आणि दिसते ती टोपी, गमछा नाहीतर हेल्मेट. त्यात आपल्याकडची दारं उन्हाकडे उघडणारी. आत येणारा माणूस चित्रात काळी सावली होऊन येतो. दारात छातीच्या उंचीच्या किंचित वर, उजेड झेपणारा एक कॅमेरा लावणं हे छतावरच्या चार नव्या कॅमेऱ्यांपेक्षा मोलाचं, हे शाखेतल्या शिपायालाही कळतं. नगांच्या निविदेला कळत नाही.

सगळं मुख्यालयात आणा, हा सोपा उपाय

डीव्हीआर पळवतात ना, मग सातशे शाखांचं चित्रण थेट मुख्यालयातच साठवा, असं कोणी म्हणेल. गणित करून पाहू. दोन मेगापिक्सेलच्या एका कॅमेऱ्याला, चित्र चांगलं दाबून साठवलं तरी, सेकंदाला सुमारे २ मेगाबिट लागतात. दिवसाचे झाले २१.६ जीबी, ९० दिवसांचे जवळपास २ टीबी. सोळा कॅमेरे म्हणजे शाखेतून अहोरात्र ३२ मेगाबिट बाहेर पाठवायचे. खेड्यातल्या शाखेची जी जोडणी पासबुक छापतानाच धापा टाकते, तिच्यावर हा भार टाकला तर अनुदानाच्या रांगेतल्या म्हातारीचे पैसे अडकतील आणि चित्रणही तुटक येईल. तेव्हा साठवण शाखेतच राहणार, हे मान्य करून आखणी करायला हवी. बाहेर जायला हव्यात दोनच गोष्टी. एक, यंत्राची रोजची हजेरी: डिस्क लिहिते आहे का, सगळ्यात जुनं चित्रण कोणत्या तारखेचं, घड्याळ किती सरकलं, कोणता कॅमेरा आंधळा झाला. हा मजकूर एखाद्या एसएमएसइतका असतो. दुसरी, दार आणि तिजोरी या दोनच कॅमेऱ्यांची बारीक प्रत, वेगळ्या सिमकार्डावरून. ती अर्ध्या मेगाबिटमध्ये बसते. मग डीव्हीआर नेला तरी नेणारा त्यात दिसतो, आणि स्प्रे मारला तर निदान स्प्रे मारायला उचललेला हात दिसतो.

दिवसांचा हिशेबही सरसकट करून चालत नाही. लॉकरबाबत रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२१ च्या सूचना नेमक्या आहेत: स्ट्राँगरूमच्या ये-जा मार्गाचं आणि सामायिक जागेचं चित्रण किमान १८० दिवस ठेवायचं; आपल्या नकळत लॉकर उघडला किंवा चोरी झाली अशी तक्रार ग्राहकाने केली तर पोलीस तपास संपून वाद मिटेपर्यंत ते जपायचं. चोरी झाली किंवा कर्मचाऱ्याने घात केला तर भरपाईची मर्यादा वार्षिक भाड्याच्या शंभरपट. सोळाही कॅमेऱ्यांना १८० दिवस लावले तर एका शाखेला ६२ टीबी लागतात. लॉकरकडच्या चार कॅमेऱ्यांना १८० आणि बाकीच्या बारांना ९० दिवस लावले तर ३९ टीबीत भागतं. हा विचार करायला खर्च येत नाही, पण तो शाखेगणिक करावा लागतो. नोटाबंदीतल्या ८ नोव्हेंबर ते ३० डिसेंबर २०१६ या काळातलं शाखांचं चित्रण जपून ठेवा, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना तेव्हाही सांगितलं आणि जून २०२१ मध्ये पुन्हा बजावलं. नियामकाने फुटेजला दस्तऐवज मानलं त्याला इतकी वर्षं झाली. खरेदी विभाग अजून त्याला पंखे-ट्यूबलाइटच्या रांगेत बसवतो.

जालन्याच्या चित्रणाने घडवलेला कायदा

दस्तऐवज म्हटलं की तो कोर्टात टिकणं आलं. याबाबतचा देशभर लागू असलेला निवाडा आपल्या शेजारच्या जालन्यातल्या चित्रणावरून आला, हे इथल्या बँकवाल्यांनी तरी विसरू नये. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यात अर्जुनराव खोतकर २९६ मतांनी निवडून आले. त्यांचे उमेदवारी अर्ज मुदत टळल्यावर स्वीकारले, असा पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांचा दावा होता आणि पुरावा होता निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या चित्रणाचा. चित्रणासोबत लागणारं प्रमाणपत्र मागूनही अधिकारी देत नव्हते. औरंगाबाद खंडपीठाने अधिकाऱ्याची साक्ष पुरेशी धरून २०१७ मध्ये निवडणूक रद्द केली. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला, पण नियम घट्ट केला: मूळ यंत्रच कोर्टात आणलं तर गोष्ट वेगळी, प्रत द्यायची तर पुरावा कायद्याच्या कलम ६५ब(४)चं प्रमाणपत्र अनिवार्य. गोरंट्याल यांना सूट मिळाली ती त्यांनी प्रमाणपत्रासाठी शक्य ते सगळं केलं होतं म्हणून.

बँकेला ही सूट मिळणार कशी? यंत्र तिचं, माणूस तिचा, प्रमाणपत्र देणारीही तीच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ ने तर प्रमाणपत्राचे दोन भाग केले, दुसरा तज्ज्ञाने भरायचा, आणि फाइलचं हॅश मूल्यही त्यात नोंदवायचं. म्हणजे प्रतीत पुढे एक बिंदू बदलला तरी कळावं. आणि प्रत्यक्षात काय होतं? व्यवस्थापक डीव्हीआरचा पासवर्ड शोधतो, तो सापडत नाही, कंत्राटदाराचा माणूस परगावी असतो. शेवटी मॉनिटरवरचं दृश्य मोबाइलने टिपून पोलीस ठाण्याच्या व्हॉट्सॲपवर धाडलं जातं. तपासाला सुरुवात करायला ते ठीक. खटल्यात त्याची किंमत किती, हे जालन्याच्या निकालानंतर वेगळं सांगायला नको.

चित्रण नीट ठेवलं तर काय साधतं, तेही पाहू. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत शिरून ९४ कोटींहून अधिक रक्कम लांबवली गेली; बनावट कार्डांवर अठ्ठावीस देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले, आपल्याकडे कोल्हापूरसारख्या शहरांतून. मूळ घाला संगणकावर होता. पण मशीनसमोर उभं राहून नोटा काढणाऱ्यांचे चेहरे एटीएमच्या फुटेजमध्ये होते, आणि कार्डाचा क्रमांक, व्यवहाराची वेळ व चेहरा जुळवत पोलीस त्यांच्यापर्यंत पोचले. पहिल्या अटकांमध्ये एक जण तेव्हाच्या औरंगाबादचा, म्हणजे याच शहरातला होता. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरवलं. म्होरके हाती लागले नाहीत, ते चित्रणाच्या कक्षेबाहेरचेच होते. जे कक्षेत होते ते सापडले, ते व्यवहाराची नोंद आणि चित्रणाची नोंद एकमेकींना भिडल्यामुळे.

आक्षेप

पहिला आक्षेप धाकाचा: कॅमेरा नुसता दिसला तरी चोर बिचकतो, मग एवढा खटाटोप कशाला? चाळीस वर्षांतल्या अभ्यासांचा एक मोठा आढावा २०१९ मध्ये ‘क्रिमिनॉलॉजी अँड पब्लिक पॉलिसी’ या नियतकालिकात आला. त्यात कॅमेऱ्यांमुळे गुन्हे सरासरी सुमारे १३ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. पण परिणाम सगळ्यात जास्त वाहनतळांवर, आणि तोही जिथे कोणीतरी प्रत्यक्ष पाहत होतं तिथे. हिंसक गुन्ह्यांवर ठळक परिणाम आढळला नाही. शिवाय धाक बाहेरच्याला. शाखेतल्या ज्याला डिस्क बंद आहे हे ठाऊक आहे, त्याला कसला धाक?

दुसरा आक्षेप ‘एआय’वाल्यांचा. माणूस पाहू शकत नाही, म्हणूनच यंत्राने पाहायचं, असं ते म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. रात्री बंद शाखेत हालचाल झाली, कॅमेऱ्यावर रंग आला, तिजोरी अवेळी उघडली: एवढ्या मोजक्या घटनांसाठी यंत्राची नजर उत्तम. पण ‘संशयास्पद वर्तन’ ओळखण्याची हमी देणारा विक्रेता आला की हिशेब मांडावा. सातशे शाखांत सोळा-सोळा कॅमेरे म्हणजे ११,२००. प्रत्येकाने दोन दिवसांत एकदा जरी खोटी घंटा वाजवली, तरी नियंत्रण कक्षात रोज ५,६०० घंटा होतात, मिनिटाला चार. तिसऱ्या दिवशी कक्षातला माणूस घंटेचा आवाज बंद करून बसेल, आणि त्याला दोष देणं अन्यायाचं होईल. याच ओघात आणखी एक सांगायला हवं. जोडलेला प्रत्येक कॅमेरा हा संगणकच असतो. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेत अनेक मोठी संकेतस्थळं कोलमडली, ती कारखान्यातला पासवर्ड न बदललेल्या कॅमेरे-डीव्हीआरच्या फौजेमुळे. केंद्राने एप्रिल २०२४ मध्ये कॅमेऱ्यांसाठी सुरक्षा चाचणीचे नियम काढले आणि ते एप्रिल २०२५ पासून लागू झाले, हे चांगलंच. पण चाचणीत उतरलेल्या कॅमेऱ्यालाही सातशे शाखांत एकच पासवर्ड ठेवता येतो.

तिसरा आक्षेप कर्मचाऱ्यांचा, आणि मला तो सगळ्यात वजनदार वाटतो. रोजकीर्दीसारखं फुटेज तपासायचं म्हणजे दिवसभर आमच्या मानेवर डोळा, कोण किती वेळा चहाला उठलं याचाही हिशेब. ही भीती खोटी नाही. उत्तर मात्र चित्रण ढिलं ठेवण्यात नाही, ते पाहण्यावर नियम घालण्यात आहे: कोणी, कधी, कोणत्या कारणासाठी चित्रण उघडलं याची नोंद आपोआप व्हावी, ती शाखेला पुसता येऊ नये, हजेरी-शिस्तीसाठी फुटेज वापरायला लेखी मनाई असावी. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा याच दिशेने ढकलतो. आणि रोखपालाने स्वतःच्या बाजूनेही पाहावं. काउंटरवर रोकड कमी भरली तर भुर्दंड त्याच्या खिशाला. व्यवहाराच्या वेळेशी जुळणारं, टेबलावरची बंडलं दिसणारं चित्रण हे त्याच्या बाजूचं साक्षीदार असतं. आणि ही नोंद शाखेच्या हाती का नको? ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्याच हाती किल्ली दिली की काय होतं, ते पोलीस ठाण्यांत दिसलं. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी ठाण्याठाण्यांत कॅमेरे बसवायला आणि जिल्हा पातळीवर देखरेख समित्या नेमायला सांगितलं; सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाला बंद कॅमेऱ्यांची स्वतःहून दखल घ्यावी लागली.

मर्यादेचा एक मुद्दाही मानायला हवा. सोनेतारणात कॅमेऱ्याला पिशवी दिसते, सोन्याचा कस दिसत नाही. परवाना गमावलेल्या नगर अर्बन बँकेच्या शेवगाव शाखेतलं बनावट सोनेतारण प्रकरण याच धर्तीचं. पण पिशवीला सील कोणासमोर लागलं आणि ती पुन्हा कधी, कोणी उघडली, हे चित्रण सांगू शकतं, जर सोनेतारणाच्या नोंदवहीत त्या चित्रणाची वेळ लिहिलेली असेल तर.

निविदेत काय लिहावं

खर्चाचा प्रश्न उरतो. ग्रामीण शाखेला हे परवडेल का? परवडत नाही ते नग मोजून केलेलं आधुनिकीकरण. लॉकर नसलेल्या, दिवसाला मोजक्याच ग्राहकांच्या शाखेला सोळा कॅमेरे कशाला? सहा पुरतात, जर त्यातला एक दारात चेहऱ्याच्या उंचीवर असेल. कंत्राटदाराला पैसे बसवण्यावर देऊ नयेत, परत मिळण्यावर द्यावेत. दर तिमाहीला मुख्यालयाने चिठ्ठ्या टाकून काही शाखा निवडाव्यात आणि मागणी करावी: ऐंशी दिवसांपूर्वीच्या अमुक तारखेचं, सकाळी ११.२० ते ११.३० चं, रोख काउंटरचं चित्रण, हॅश मूल्य आणि प्रमाणपत्राच्या पहिल्या भागासह, दोन तासांत. आलं, चेहरा ओळखू येतो, वेळ कोअर बँकिंगशी जुळते, तर बिल मंजूर. नाही आलं तर त्या शाखेचं देखभाल शुल्क थांबलं. ही चाचणी शाखा तपासनिसाच्या यादीत उद्याही घालता येते, तिला निविदेची वाट पाहावी लागत नाही. पहिल्या फेरीत ज्या शाखा नापास होतील त्यांची आणि नापास होण्याच्या कारणांची यादी, म्हणजे डिस्क, घड्याळ, बॅटरी, कॅमेऱ्याची जागा, हरवलेला पासवर्ड, हीच खरेदीची यादी धरावी. मेगापिक्सेलचा रकाना त्यानंतर भरावा.